त्या रविवारी माइक बंद होता

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळायला आणतात, दारावर टांगायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई भोळी दिसते. मी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. स्टाफरूममध्ये कुणी अंगात येण्याच्या, सावल्या दिसण्याच्या गोष्टी काढल्या की त्यांची यथेच्छ टर उडवली... आणि आता मीच असलं काहीतरी लिहायला बसलेय. भोग आहेत, दुसरं काय!

तर परभणीत आमचं एक छोटं फिल्म मंडळ आहे. वसमत रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, लग्नाची तारीख नसली की आम्हाला मिळतो. महिन्यातून एक रविवार, सकाळी दहा वाजता. खिडक्यांना काळं कापड लावायचं, भिंतीवर पांढरा पडदा सोडायचा आणि प्लास्टिकच्या चाळीसेक खुर्च्या मांडायच्या. येणारे बहुतेक निवृत्त – शिक्षक, बँकवाले, कृषी विद्यापीठातले. परदेशी सिनेमाची हौस दांडगी, पण खालचं इंग्रजी वाचेपर्यंत वाक्य निघून जातं. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. मी आधीचा आठवडाभर घरी बसून सगळे संवाद मराठीत उतरवते, आणि सिनेमा चालू असताना पडद्याशेजारी उभी राहून माइकवर वाचते. आई, बाप, पोलीस, पोरं – सगळे आवाज माझेच. लोक चिडवतात, "मॅडम, तुमच्या तोंडी इटलीचा माणूससुद्धा जिंतूरचा वाटतो."

गोष्ट फेब्रुवारी अखेरची. त्या रविवारी दक्षिण अमेरिकेतला एक सिनेमा लावला होता. देशात लष्कराची सत्ता आलेली. सरकारविरुद्ध पत्रकं छापणाऱ्यांना घरातून उचलून नेतात आणि ते परत दिसत नाहीत. असाच एक छापखानेवाला, त्याची बायको आणि आठेक वर्षांची मुलगी शहर सोडून एका ओळखीच्या माणसाच्या शेतघरात लपतात. मुलीला नवं नाव घ्यायला लावतात, खिडकीशी जायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. मारामारी नाही, रक्त नाही. नुसतं घर, आणि घरात कोंडलेली तीन माणसं. वहीत उतरवताना मी दोनदा रडले, तेही कबूल करते.

सिनेमाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. मुलगी घरात एकटी असते आणि दार वाजतं. ती जागच्या जागी थिजते. दार पुन्हा वाजतं. आपल्याला दिसतं ते फक्त आतून बंद दार. मग पावलं लांब जातात. बाहेर कोण होतं, ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. दीड-दोन मिनिटं कुणी एक अक्षर बोलत नाही. वहीत तिथे मी लाल पेनाने लिहिलं होतं – "संवाद नाही. गप्प राहणे."

आता आईबद्दल. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, माहेर मानवतचं. वडील गेल्यापासून माझ्याकडेच असते. कान अजून खणखणीत, पण सिनेमाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. "पैशे देऊन अंधारात बसायचं अन् दुसऱ्याची दुःखं बगायची, हे कुणी सांगितलंय?" असं तिचं मत. त्या रविवारी मात्र तिच्या सोबतीला येणारी बाई सुट्टीवर होती. म्हणून तिला ऑटोत घालून घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत पंख्याखाली बसवलं.

तो दाराचा प्रसंग आला. मी माइकचं बटण बंद केलं, माइक टेबलावर ठेवला आणि बाटली उघडून पाणी प्याले. हे मला आज, आत्ताही लख्ख आठवतंय. बाटलीचं झाकण हातातून निसटून खुर्चीखाली गेलं, ते मी पायाने शोधत होते. तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. ती पुढे झुकली होती, ओठ हलत होते. मला वाटलं, पाणी मागतेय. मी बाटली दाखवली, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मग तिने पदर डोळ्यांना लावला. पुढचा प्रसंग सुरू झाला, मी माइक उचलला आणि वाचायला लागले.

सिनेमा संपल्यावर बाहेरच्या गॅलरीत चहा असतो. आई आतच खुर्चीवर बसून होती. बशीर सर – आमच्यातले निवृत्त उर्दूचे शिक्षक – कप घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, आज तर कमाल केलीत. त्या दाराबाहेरच्या बाईला दखनी उर्दूत बोलायला लावलंत, क्या बात है! आमची दादी हुबेहूब तशीच बोलायची."

"कुठली बाई, सर?"

"ती हो, जाता जाता मुलीला म्हणते ती... 'अच्छा करी बच्ची, नै खोली. मैच बोली थी ना तेरेकू.' माझ्या तर अंगावर काटा आला."

मी हसले. म्हटलं, सर, तिथे संवादच नाही. सरांना वाटलं, मी उगाच नम्रपणा करतेय. तर शेजारच्या दोघी म्हणाल्या, "हो की, पण तेवढंच इतक्या हळू का वाचलंत?" मागच्या रांगेतल्यांना विचारलं, त्यांना काही आठवत नव्हतं. आणि माझी दखनी म्हणाल तर भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. चहा तसाच ठेवून मी आईला घेऊन निघाले.

ऑटोत तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. घरी येऊन पलंगावर टेकली आणि म्हणाली, "माय, मगाशी ते दार वाजायलं तवा तू बोललीस का?"

"नाही गं. मी पाणी पीत होते."

"तू न्हवतीस?"

"नाही आई. माइकसुद्धा बंद होता."

तिने पाय वर घेऊन मांडी घातली. मग म्हणाली, "म्हंजी खालाच व्हती."

कोण खाला? अठ्ठावन्न वर्षांत मी हे नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग तिने सांगितलं ते असं. रझाकारांच्या धामधुमीत ती सात वर्षांची होती. तिचे वडील निजामाविरुद्धच्या चळवळीत, संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निघून गेलेले. त्यांना शोधत रझाकारांची माणसं दोनदा घरी येऊन गेली. तेव्हा कापसाच्या जिनिंगवर काम करणाऱ्या एका मुसलमान माणसाच्या बायकोने माझ्या आजीला आणि आईला आपल्या घरामागच्या सरकीच्या खोलीत लपवलं. तीच ही खाला, म्हणजे मावशी. महिनाभर ती दोघींना जेवू घालत होती. आम्ही लिंगायत, आजीचं शिवपूजन कडक. त्यांचा नेम मोडू नये म्हणून खालाने कोरं मडकं विकत आणलं होतं आणि लाह्या, गूळ, शेंगदाणे असं कोरडंच द्यायची. आठव्या दिवशी आजीच म्हणाली, "आता तुझ्या हातची भाकरी दे बाई."

"तिनं मला एक गोष्ट पक्की शिकिवली व्हती," आई म्हणाली. "खोलीला भायेरून कुलूप आसायचं. कुंजी तिच्याकडं. ती म्हनायची, मी आले तर कुलूप काढून येईन, दार वाजवणार न्हाई. दार वाजलं म्हंजी ती मी न्हाई. आवाज माझा आसला तरी न्हाई. मला धरून कुणी बोलाया लावलं आसंल आसं समज, अन् चूप बस."

मग दिवस फिरले. निजामाचं राज्य गेलं, आई आणि आजी आपल्या घरी परतल्या. पण काही दिवस असे आले की ज्यांनी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, अशा मुसलमान माणसांनाही जीव मुठीत धरून पळावं लागलं. आता लपायची पाळी खालाची होती.

"दुपार व्हती. माय विहिरीवर गेली व्हती, मी एकटीच. अन् दार वाजलं. 'बच्ची, मैं हूं, खोल.' आवाज तिचाच व्हता गं. पण ती तर दार कदीच वाजवत न्हाई ना! मी बाजंखाली जाऊन बसले, तिनंच शिकिवलं तशी. तीनदा हाक मारली तिनं. मग बांगड्या वाजल्या... मग गेली."

संध्याकाळी आजी खालाची चौकशी करायला गेली, तर तिच्या घराला कुलूप होतं. पुढे कुणी म्हणालं हैदराबादकडे गेले, कुणी काही म्हणालं. खाला पुन्हा दिसली नाही. ती वाचली की नाही, तेही कळलं नाही.

"मी मायला सांगितलंच न्हाई ती येऊन गेल्याचं. तुझ्या बापालाबी न्हाई. काय तोंडानं सांगू? तिनं आमाला जगवलं अन् मी तिला दारातून वापस लावली."

मी आईला जवळ घेतलं. मी तिची लेक, आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं याची लाज वाटली. तरी माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. विचारलं, "आई, आज नेमकं काय ऐकलंस?"

आईने सांगितलं. बशीर सरांनी सांगितलेलीच दोन वाक्यं, अगदी शब्दशः. सरांशी ती बोललीसुद्धा नव्हती. आणि सरांनी न ऐकलेलं तिसरं वाक्य तिने सांगितलं – "मैं समज गई थी, मेरी बच्ची बात याद रखी."

पुढच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट समजली. बशीर सरांच्या बेगमचे गुडघे दुखतात, त्यांना जिना चढवत नाही. म्हणून सर त्यांच्यासाठी माझं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करतात. मी ते मागवून घेतलं. त्यात सगळं वाचन स्वच्छ आहे. त्या प्रसंगाला माइकचं बटण टक्‌ वाजतं आणि पुढची दोन मिनिटं पंख्याची घरघर, दोन खोकले, एक खुर्ची सरकल्याचा आवाज. माझा आवाज नाही, कुणाचाच नाही. फक्त शेवटी, अगदी हळू, पण ओळखू येईल असा आईचा आवाज – "हाव, खाला."

सरांनी ते चारदा ऐकलं. म्हणाले, "मॅडम, मी खोटं कशाला बोलू? मी ऐकलंय." मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. माझ्या मनाने मी पुष्कळ कारणं शोधली. आई झोपेत कधी बोलली असेल, लहानपणी माझ्या कानावर पडलं असेल, मीच बोलून विसरले असेन... पण मग रेकॉर्डिंगमध्ये मी का नाही? आणि शेजारच्या दोघींनी काय ऐकलं? तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर जरूर सांगा, मी टर उडवणार नाही.

आई मात्र असलं काही विचारत नाही. जेवण झालं की म्हणते, "ते लाव." मी मोबाईल तिच्या कानाशी धरते. मीही कान देऊन बघते, मला पंखाच ऐकू येतो. ती मात्र मधेच मान हलवते, मधेच हसते. काल न राहवून विचारलं, "आई, काय म्हणते गं ती?"

"माझं चुकलं न्हवतं म्हनायली," आई म्हणाली, आणि परत लावायला सांगितलं.