न प्यायलेली दारू

हे सांगायचे मी इतकी वर्षे टाळले. कोणी जावयाचा विषय काढला की उठून देवघरात जायचो.

ते कल्याणला आबकारी खात्यात कारकून होते. भट्टीवर जाऊन दारूची पिंपे मोजायची, हे त्यांचे काम. घरी आले की धोतराला मोहाच्या दारूचा वास येई. एका सणाला पंगतीतच त्यांना रक्ताची उलटी झाली. पत्रावळ लाल झाली. पोट तर डाव्या बाजूला आधीपासूनच फुगलेले. सारे गाव जे म्हणाले तेच मीही म्हणालो आणि मुलीला घेऊन ठाण्याला माझ्या घरी निघालो.

त्यांची आई दारापर्यंत मागे आली. "अहो, तो वास पिंपांचा!"

"पिंपे रक्त ओकत नाहीत, विहीणबाई."

थोडे बरे वाटताच जावई स्वतः आले, अंगणातच उभे राहिले. "मामा, तुळशीला हात लावून सांगतो, थेंबही घेतलेला नाही. तिला पाठवा."

"तुळशीला कशाला बाटवता?"

दाराआड मुलीने तोंडात पदर कोंबला होता. ते पाणीही न घेता गेले.

महिना झाला नसेल, कचेरीतच पुन्हा रक्त ओकून ते वारले. विषाचा संशय आला, म्हणून ठाण्याच्या सरकारी इस्पितळात शव उघडले. मी बाहेर उभा होतो. वाटले, आता दारू सिद्ध होईल.

डॉक्टर हात पुसत आले. "विष नाही, दारूही नाही. पिणाऱ्याचे यकृत कठीण, गाठाळ होते. यांचे निरोगी आहे. पण यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीरच जन्मापासून धड नाही. तिच्या जागी नुसते बारीक शिरांचे जाळे. रक्त तुंबले, डाव्या कुशीतली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगली, अन्ननळीतल्या शिरा फुटल्या. मी तरी असे कधी पाहिले नव्हते. तुम्ही कोण त्यांचे?"

मी पाठ फिरवून चालू लागलो.

घरी मुलगी उंबऱ्यात होती. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"काही कळले नाही."

पुढे सारे आयुष्य ती माझ्याच घरी राहिली. श्राद्धाच्या स्वयंपाकातही बायका 'दारुडा' म्हणून कुजबुजत, ती मान खाली घालून पुरण वाटत असे. गेल्या श्रावणात तिला ताप आला. मी उशाशी बसून तिला एवढेच सांगणार होतो, आणि ती जाईपर्यंत मला ते सांगता आले नाही: पोरी, ते खरे बोलत होते. तुला मी अडवले. मला क्षमा कर.