शांतता समितीतल्या खुर्च्या

नळाच्या पाण्यावरून दोन गल्ल्या पुन्हा हातघाईवर आल्या आणि डोकी फुटलेल्या पुरुषांना घेऊन बायका वस्तीतल्या तरुण डॉक्टरकडे धावल्या. ती टाके घालत होती तोवर बाहेरच्या बाकावर दोन्हीकडच्या बायकांनी पाण्याच्या वेळा ठरवूनही टाकल्या! डॉक्टर हरखली. टाके संपताच हिजाब सावरत ती त्या सगळ्या बायकांना घेऊन थेट शांतता समितीच्या बैठकीत शिरली. तिथे नुसते पुरुष चहा ढोसत बसले होते.

"डॉक्टर, हे बायकांचं काम नाही," अध्यक्ष गुरगुरले.

"मग पुढच्या वेळी टाकेही तुम्हीच घाला. भांडण यांनी मिटवलंय. निम्म्या खुर्च्या यांना द्या, अध्यक्षपदही आळीपाळीने."

नुकताच तिच्याकडून टाके घालून आलेला, डोक्याला पट्टी बांधलेला एक सदस्य उठला. "माझी खुर्ची घ्या. मला परत सुई नको!"

एकच खसखस पिकली. अध्यक्षांनाही हसू आवरेना. ठराव मंजूर झाला.

डॉक्टर घरचा जिना नाचतच चढली आणि अम्मीला धरून गरागरा फिरवू लागली.

"अगं, लग्नबिग्न ठरवून आलीस की काय?"

"त्याहून भारी! समितीत निम्म्या बायका!"

अम्मीने कमरेवर हात ठेवले. "आणि मला नाही घेतलंस?"