माझ्या वाट्याचा रस्ता

नवस आईचा होता आणि पाय माझे. मुलगी बी.कॉम. झाली की तिला बेंगळुरूहून चालवत मलेमहादेश्वराच्या डोंगरावर आणीन, असं ती तिथल्या देवाला, मादप्पाला, बोलून बसली होती. मला विचारलं नव्हतं. निकाल लागला तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं, की पेपर मी लिहिले, मादप्पाने नाही. आमच्या घरातलं माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबा, काका, सगळे शिलाई मशीनवर. त्या पदवीतला वाटा मी देवालासुद्धा द्यायला तयार नव्हते.

मग नोकरी लागली. रजा नाही, या सबबीवर मी काही शिवरात्री ढकलल्या. दर वर्षी आमच्या मराठी लोकांचा जथा शिवरात्रीसाठी जे. पी. नगरहून चालत निघे. आई त्यांना नारळ देऊन परत येई आणि पुढे आठवडाभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. गेल्या वर्षी मी म्हटलं, चल बाई, एकदाचं उरकू.

जथ्याचे पुढारी म्हणजे एक म्हातारे शिंपी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तांदूळ, भांडी, वळकट्या टेम्पोत आणि माणसं रस्त्यावर. कुणी थकलं तर टेम्पोत बसे, पण ते हौसेने आलेल्यांसाठी. नवसाचं माणूस टेम्पोत बसत नाही. पहिल्या दिवशी माझे नवे बूट बघून शेजारच्या अक्का म्हणाल्या, "एसीतले पाय हे. कनकपुऱ्यापर्यंत तरी पोचतील काय?"

"अक्का, डोंगरावर तुमच्या आधी पोचून चहा सांगून ठेवते," मी म्हटलं.

"सरी सरी, बरं. साखर स्वल्प कमी सांग."

सगळे हसले. आई हसली नाही. ती रबरी चपलांत पुढे चालत होती.

हनूरच्या पुढे माझी टाच गेली. फोड आधीच आले होते, ते मी कुणाला दाखवले नव्हते. त्या दिवशी मोजा काढला तर कातडं त्याबरोबर निघालं आणि घोटा सुजून लाल झालेला. मी उभी राहिले आणि बसले. पुन्हा उभी राहिले आणि रस्त्याकडेला ओकले. अण्णा म्हणाले, "बस झालं. टेम्पो थांबवा." मी नाही म्हणत होते, पण दोघांनी दंडाला धरून मला तांदळाच्या पोत्यांवर बसवलं. टेम्पो आमच्याच माणसांना मागे टाकत निघाला तेव्हा मी ओढणी तोंडावर घेतली. फटीतून आई दिसली. तिने वर बघितलं नाही.

मुक्काम कौदळ्ळीला. तिथल्या एका घरासमोर चूल पेटलेली, वर पाण्याचा मोठा हंडा. त्या घरची अज्जी चालत येणाऱ्यांचे पाय धुते. तो तिचा नेम. मी लंगडत ओट्यावर टेकले, तोवर ती घंगाळ घेऊन आलीच. कन्नडमध्ये म्हणाली, "माझ्या बाई, काय हाल झाले गं पायांचे! मादप्पा तुझं भलं करो." मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, मी संकोचते आहे. तिने पाय ओढून गरम पाण्यात घातले, हळद लावली आणि ओलं कपाळ माझ्या पायांवर टेकलं.

"अज्जी, मी टेम्पोतून आले," मी म्हटलं.

ती तशीच थांबली. मग माझ्याकडे नाही, घंगाळाकडे बघत म्हणाली, "अय्यो. मग हे पाणी? हे तर चालणाऱ्यांचं." रागावली नव्हती ती. तिने पाणी नेऊन केळीच्या बुंध्याशी ओतलं, घंगाळ राखेने घासलं आणि पुन्हा हंड्याखाली लाकूड सारलं. मी ओट्यावर. कुठे तोंड लपवावं कळेना, कारण उठून जायला पाय नव्हते.

संध्याकाळी सगळे आले. अज्जीने आईचे पाय धुतले आणि धुता धुता सगळं सांगितलं. आईने ऐकलं. जेवणं झाल्यावर ती ड्रायव्हरकडे गेली आणि विचारलं, "पोरगी नेमकी कुठे बसली होती?"

"पेट्रोल पंपाच्या पुढे. का?"

"तेवढं मी चालून येते. तिच्या वाटचं."

अण्णा म्हणाले, "अगं, मादप्पा काय बसचा कंडक्टर आहे, तिकीट तपासायला?"

"तो नाही तपासणार," आई म्हणाली. "मी आहे ना."

मी म्हटलं, असला अडाणीपणा करू नको, लोक हसतील. तो शब्द माझ्या तोंडून नेहमीसारखा सहज गेला. अक्का एकदम म्हणाल्या, "लोक कुठे हसतात? एकजण तरी हसतंय काय बघ." खरंच कुणी हसत नव्हतं.

सकाळी आई अक्कांना घेऊन उलट्या बसने हनूरकडे गेली. जथा तिच्यासाठी थांबला. मी ओट्यावर पाय वर करून दिवसभर बसले. टाचेला मलम होतं, हातात कुणीतरी दिलेलं ताक होतं, आणि माझी साठीची आई उन्हात माझा रस्ता चालत होती. दुपार टळल्यावर ती आली. भिंतीला धरून बसली.

दुसऱ्या दिवशी माझी सूज उतरली आणि तिचा गुडघा भोपळ्यासारखा झाला. तिला उभं राहता येईना. तिने स्वतःच टेम्पोला हात केला, पोत्यांवर चढली आणि मला म्हणाली, "तू चाल. बूट घालू नको."

मी माझा रस्ता चालले. पायथ्याच्या तालबेट्टाहून पायऱ्या चढले. "उघे उघे मादप्पा" ओरडणाऱ्या गर्दीत अनोळखी बायका माझ्या टाचेची पट्टी बघून हात जोडत होत्या. वर आई टेम्पोपाशी पाय पसरून बसली होती. हनूरच्या पुढचा रस्ता दोनदा चाललेली ती. मी म्हटलं, "तुझं काय आता? तुझा रस्ता राहिला ना."

"माझा कसला?" ती म्हणाली. "बी.कॉम. तू झालीस. मी कुठे?"

देवळात अण्णांनी अर्चकांना सांगितलं, "या पोरीचा नवस. बेंगळुरूहून चालत आली." आईने मान डोलावली. अर्चकांनी माझ्या गळ्यात हार घातला. आई मागे अक्कांच्या खांद्याला धरून एका पायावर उभी होती. मी, तोंडावर बोलणारी, टेम्पोचं न सांगता तो हार तसाच घालून उभी राहिले.