कुशीने फायनलची वाट पाहिली नाही

कुशी गेली. आणि तिला 'बिचारी' म्हणणाऱ्यांनी ही पोस्ट नीट वाचावी.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेचा मुलींचा कबड्डी संघ नगरला स्पर्धेला आला होता.
कुशी कॅप्टन. मी तिच्या उजव्या हाताला.

मागच्या वर्षी नगरच्या एका शाळेने आम्हाला हरवलं होतं. त्यांच्यातली एक लांब वेणीवाली जाताना म्हणाली होती, "जा आता, ऊस तोडा."

ते कुशीच्या डोक्यात बसलं होतं. तिच्या घरचे खरंच दरवर्षी ऊसतोडीला जायचे.

फळ्यावर ड्रॉ काढला होता. दोन नावांची मिळून एक रेघ, अशा दोन रेघांची पुढे एक, असं करत शेवटी फायनल.
कुशीने एक बोट आमच्या नावावर ठेवलं, दुसरं त्यांच्या. दोन्ही बोटं रेघांवरून पुढे नेली. ती थेट फायनललाच भेटली.

सर खूश. आपली बाजू सोपी आहे, निदान दुसरा कप तरी नक्की, म्हणाले.

"सर, फायनलला मी आसंन का?"

फायनल परवा होती. तिच्या घरच्यांची ऊसतोडीची टोळी उद्याच निघणार होती, आणि यंदा शाळा सोडून तिलाही जायचं होतं.

ड्रॉ बदला, म्हणाली. सरांनी समजावलं. पंच हसले.
ती सरळ केडगावच्या पोरींकडे गेली. त्यांची पहिल्याच सामन्यात वेणीवालीच्या शाळेशी गाठ होती, तोंडं उतरली होती. जागा बदलता का, म्हणून विचारलं. त्या एका पायावर तयार.
दोन्ही कॅप्टन राजी म्हटल्यावर पंचांनी कुरकुरत नावं पुसून बदलली.

शेवटची चढाई कुशीची. वेणीवालीने तिचा घोटा धरला. ही दम न सोडता सरपटत गेली आणि मधल्या रेषेला बोट लावलंच.
एका गुणाने जिंकलो.

गुडघे झटकत उठली आणि वेणीवालीला म्हणाली, "आता जाते ऊस तोडाया."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिच्याशिवाय आम्ही सपाटून हरलो. सर कपासाठी कितीतरी दिवस हळहळत होते. मला त्या कपाचं आजही काही वाटत नाही.

पुढे मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला. बायनरी ट्री आला की फळ्यावर तोच ड्रॉ काढायचे. दोन नोड्समधला, म्हणजे ड्रॉतल्या दोन नावांमधला, मार्ग शोधायचा तर दोन्हींपासून वर जात राहा, जिथे गाठ पडेल तिथे रस्ता जुळतो.
आणि पोरांना सांगायचे, हा रस्ता एकच असतो. पण तो लांब वाटला म्हणून नोडच उचलून शेजारी नेऊन लावणारी एक पोरगी मी पाहिली आहे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. दिवाळीला येते गं, म्हटलं.

"दिवाळीला मी आसंन का?"

सकाळची पहिली एसटी धरली. दोन दिवस राहिले. खूप हसलो, त्याहून जास्त भांडलो.

कुशे, श्रद्धांजली मान खाली घालून वाहतात. मी नाही घालणार.
दिवाळी अजून यायची आहे, आणि आपली भेट झालेली आहे.