शुक्राकडे पाठ

मला शुक्राची सात नावं येतात आणि त्याचा मला गर्व आहे. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

माझं माहेर गोंदियाचं. वडिलांचं दुकान स्टेशनाजवळ होतं, त्यामुळे मुलखामुलखाची माणसं ओट्यावर टेकायची. संध्याकाळी मावळतीला शुक्र दिसला की मी ज्याला त्याला विचारायची, तुमच्याकडे याला काय म्हणतात? पोरीला दुसरा उद्योग नाही, असं आई म्हणायची. छत्तीसगढहून धान कापायला येणाऱ्या बाया त्याला सुकवा म्हणत. चिचगडच्या जंगलातून मोहाची फुलं घेऊन येणारी एक गोंड म्हातारी म्हणे, हा जेवणतारा. हा दिसला की पोरांना वाढायचं. पहाटे दिसतो तो पहाटतारा आणि तो निराळा, हे ती पैजेवर सांगे. तो एकच आहे हे मी तिला पुस्तकातून वाचून दाखवलं, तर ती पुस्तकालाच हसली. अत्तरवाल्या चाचांनी जोहरा हे नाव दिलं. अर्थ विचारला तर म्हणाले, "चमकनेवाली, बेटी." रेल्वेतल्या एका मद्राशी माणसाच्या बायकोनं वेळ्ळी असं सांगितलं आणि हातातलं कडं पुढे केलं, त्यांच्यात चांदीलाही तेच नाव. इंग्रजी व्हीनस पुस्तकात होतं, ती रोमन लोकांची रूपाची देवी. आणि आपला शुक्र म्हणजे मुळात लखलखीत, पांढराशुभ्र. पुढे पुराणात तो राक्षसांचा गुरू झाला, तोही एका डोळ्याचा. तरी बाया त्याला शुक्राची चांदणीच म्हणतात. एवढ्या लोकांनी, एकमेकांना न विचारता, त्याला चमकणाराच म्हणावं याचं मला तेव्हाही फार नवल वाटे.

मी मराठी सातवी पास झाले आणि मला केशोरीला दिलं. सासरे नव्हते. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. धानाची शेती तीच बघायची आणि माझा नवरा तिच्या शब्दाबाहेर नव्हता. तिला अक्षर येत नव्हतं, पण गावातला कोणताही पुरुष तिच्याशी बोलताना आधी विचार करायचा.

स्वातंत्र्याच्या दहाबारा वर्षं आधीची गोष्ट. माझी मुलगी सहा महिन्यांची होती. दिवाळी झाली आणि मी केलेल्या अर्जाचं पत्र आलं. केशोरीपासून मावळतीकडे, बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर एक मोठं गाव होतं. तिथल्या मुलींच्या शाळेत मला मास्तरणीची जागा मिळाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. नवऱ्याची मावशी त्याच गावात राहायची, म्हणजे राहण्याचाही प्रश्न नव्हता. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की त्याची घडी फाटली.

मग गावचे जोशीबुवा आले. पंचांग उघडून म्हणाले, शुक्र पश्चिमेला आहे. नवी नवरी, गरोदर बाई आणि लेकुरवाळी यांनी शुक्र समोर ठेवून प्रवास करू नये. तो पूर्वेला येईपर्यंत थांबा. म्हणजे दोन महिने. मला असा राग आला की हातातलं सूप मी जमिनीवर आपटलं. त्या वयात मला धीर नव्हता. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी धान कापताना मी आत्याबाईला माझी सातही नावं ऐकवली. म्हटलं, अर्धं जग याला देवी म्हणतं, चांदी म्हणतं, आणि आपण त्याला भ्यायचं?

"काऊन वो, इतकी नावं तू कायले जमा केली?" ती म्हणाली. मग विळा न थांबवता बोलली, "माझं पहिलं पोरगं त्यानंच नेलं. लेकरू घेऊन माहेरून इकडे आली, तो समोर होता. आठ दिवस ताप. झालं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी सात नावं जागच्या जागी गप्प झाली. जोशीबुवांवर चिडणं सोपं होतं, हिच्यावर कसं चिडायचं?

दिवस मावळला. शेताच्या कडेला आमचं धान कापायला आलेल्या छत्तीसगढी बाया चुली पेटवत होत्या. दोघींच्या पाठीला लेकरं बांधलेली होती. समोर शुक्र दिसू लागला होता. आत्याबाई बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली आणि मग आपण होऊन त्यांच्यातल्या एकीजवळ गेली.

"बाई, तुमी येता तवा हा समोरच राहते ना?"

"हव दाई, सुकवा ल देखत-देखत आथन." म्हणजे त्याच्याकडे बघत-बघतच येतो.

"अन् लेकरं?"

त्या बाईनं पाठीवरचं मूल थोपटलं आणि हसली. "सब बने हे." सगळी ठणठणीत.

आत्याबाई विळा उचलून घरी वळली. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून मला म्हणाली, "जाशीन तू. पण त्याच्या तोंडापुढं नाही. गाडीत उलटी बस. पाठ कर त्याच्याकडे."

जोशीबुवांनी डोकं खाजवलं. शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणाले.

"उलटं बसू नये असंही नसन लिहिलं," आत्याबाई म्हणाली. बुवांनी पंचांग मिटलं.

सकाळी निघालो. नवरा गाडी हाकत होता. मी मुलीला मांडीवर घेऊन मागे तोंड करून बसले. शुक्र त्या वेळी दिसत नव्हता, पण तो माझ्या पाठीशी आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. गाडी हलली आणि पाहते तर आत्याबाई गाडीमागून चालू लागली होती. हातात कापणीला घेतलेला विळा तसाच. तोंड मावळतीकडे, म्हणजे माझ्याकडे.

"आत्याबाई, तुम्ही कायले येता? तो तुमच्या समोर आहे ना!"

"राहू दे. मी बुढी. पाहायचं असन त्याले तर मले पाहू दे."

शीव येईपर्यंत ती तशीच चालली. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्या डोक्यावरून पलीकडे, जिथे तो असेल तिथे, नजर रोखून. ज्यानं तिचं मूल नेलं असं ती मानत होती, त्याच्यासमोर ती माझ्या मुलीसाठी उभी होती. माझी सात नावं आणि सातवीचं प्रमाणपत्र तिच्या त्या चालण्यापुढे काहीच नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

शिवेवरच्या शेतात कापणी चालली होती. उलटी बसलेली सून बघून माणसं विळे थांबवून हसायला लागली. एकानं हाक मारली, "काऊन वो बाई, सून उलटी काऊन बसली?"

आत्याबाई थांबली. साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मास्तरीण हाये ते. शाळेत शिकवाले जाऊन राहिली."

माणसं हसायची थांबली. गाडी पुढे गेली. तिनं विळा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं पदर डोळ्यांना लावला. तिला रडताना केशोरीत कुणी पाहिलं नव्हतं, तिच्या मुलानंही नाही. तो पुढे बघून बैल हाकत होता. मी पाहिलं, कारण माझं तोंड तिच्याकडे होतं.