चार डिग्रीच्या पाण्यातला रघू

रघूच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी चहा बशीत ओतत होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच ती बोलली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "पाण्यात?" ती म्हणाली, "नो काका, पलंगावर. झोपेतच." कुणाला आवडो न आवडो, मी खरं तेच लिहिणार. त्या क्षणी माझी छाती फुगली. शारजापासून खोर फक्कान बंदरापर्यंत जहाजांच्या पोटाखाली ज्याने उमर काढली, तो माझा रघू म्हातारा होऊन, कोरड्या चादरीवर गेला. आमच्या धंद्यात हे सगळ्यांच्या नशिबी नसतं.

मी चौथी नापास. रघूला जाऊन महिना होऊन गेला, तेव्हा आता लिहितो. चुका पोरांनी सुधाराव्यात, पण मजकुराला हात लावायचा नाही, असं बजावलंय.

आम्ही दोघे मालवणकडचे. शारजात रोल्लाला एका खोलीत सहा जण राहायचो. काम पाणबुड्याचं. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे हवा श्वासापुरतीच सोडणारं यंत्र, आणि हातात खरवडणी. जहाजाच्या तळाला चिकटलेली कालवं काढायची. कचरा रेग्युलेटरमध्ये शिरायचा, मग त्याचं बटण दाबून हवेचा झोत सोडायचा. फर्र... की साफ. दिवसातून पन्नास वेळा. ती सवय हातात अशी मुरली होती की पाण्यात शिरताच अंगठा आपसूक बटणावर जायचा.

नव्वदीचं दशक सरता सरता दुबईतल्या एका थंड पाण्याच्या टाकीचं काम आलं. ही टाकी म्हणजे चार मजली लोखंडी डबा. त्यातलं पाणी फिरवून आसपासच्या टॉवरांना गारवा द्यायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत चार. तळाच्या पाइपचे बोल्ट सैल झाले होते आणि भर ऑगस्टात टाकी रिकामी करणं शक्य नव्हतं. रघू आमचा फोरमन. त्याने कुठून कुठून विचारून आणलं की इतक्या थंडीत रेग्युलेटर आतून गोठतो, उघडा अडकतो आणि हवा सुटते ती थांबतच नाही. म्हणून त्याने प्रत्येकाला वेगळा छोटा सिलिंडर दिला, त्याचा रेग्युलेटरही वेगळा. मी म्हटलं, "ही दुधाची बाटली तुझ्या होणाऱ्या नातवाला दे." तो म्हणाला, "बाबल, ह्यो समुद्र न्हय, फ्रीज आसा. बटणाक हात लावू नको." मी बाटली वरच ठेवली. तेव्हा कुणाचं ऐकायची सवय नव्हती, आजही फारशी नाही.

टाकीच्या छपरावरच्या झाकणातून दोरी बांधून आम्ही दोघं उतरलो. तळाशी पोचलो आणि माझ्या अंगठ्याने आपलं काम केलं. फर्र झालं, पण थांबेचना. तोंडात वादळ, डोळ्यांसमोर नुसते बुडबुडे, आणि हवेचा काटा बघता बघता खाली. वर लोखंडी छप्पर, झाकण कुठे ते दिसेना. रघूने माझा दंड धरला आणि आपला छोटा सिलिंडर माझ्या तोंडाशी दिला. त्याच्या मोठ्या सिलिंडरला जोडीदाराला हवा द्यायचं दुसरं तोंड होतं, पण ते दिलं नाही. दोघांनी एकाच यंत्रातून हवा ओढली असती तर तेही गोठलं असतं. दोरी धरून सावकाश वर आलो.

वर कंपनीचा इंजिनियर उभा. "खलास. बाहेरून गोऱ्या पाणबुड्यांना बोलावतो." मला टाकीपेक्षा ते वाक्य थंड लागलं. मी लगेच परत उतरायला निघालो. रघूने माझा शिशाच्या वजनांचा पट्टाच काढून घेतला. "मेल्या, मरूक घाई कसली?" इंजिनियरला म्हणाला, "साब, एक दिन दो." मग त्याने आमचे सगळे सिलिंडर रिकामे केले. खाडीकाठच्या दमट हवेत भरलेले होते, तो ओलावाही आत गोठतो म्हणे. दुसऱ्या ठिकाणाहून कोरडी हवा भरून आणली. संध्याकाळभर पार्किंगमध्ये मला जाड हातमोजे घालून, डोळे बांधून उभं केलं. मानेमागे हात, मोठ्या सिलिंडरची चावी बंद, छोट्याचा रेग्युलेटर तोंडात. चाळीस वेळा. पठाण ड्रायव्हर हसत होते. मी शिव्या देत होतो, रघू मोजत होता.

दुसऱ्या दिवशी अंगठा मुठीत दाबून उतरलो. अकरा बोल्ट आवळले, बारावा राहिला, आणि बटणाला न शिवताही माझ्या रेग्युलेटरमधून हवा सुटली. या वेळी रघू दोन हातांवर होता, पण हलला नाही, नुसता बघत राहिला. मी चावी बंद केली. छोट्याचा रेग्युलेटर तोंडात. श्वास आला. बोल्ट समोर, पाना हातात... दोन मिनिटांचं काम. पण रघूचा नियम होता, राखीव हवा तोंडात गेली की काम संपलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काम अर्धं टाकून वर आलो. जीव तुटला, पण आलो. उन्हात अंग शेकलं, यंत्र बदललं, दुपारी पुन्हा उतरलो आणि बारावा बोल्ट आवळला. इंजिनियरने हात मिळवला. गोरे आलेच नाहीत! पुढची किती वर्षं त्या टाक्या आमच्याच हातात होत्या.

तेराव्याला रघूच्या मुलीच्या दुबई मरीनातल्या घरी गेलो होतो. रघूच्या खोलीत बसायला जागा नव्हती. मलबारी, पठाण, फिलिपिनो, आपले कोकणी, सगळे पाण्यातले. कुणाचे केस पिकलेले, कुणाला ऐकू येत नाही, पण सगळे धडधाकट. नात माझ्या कानाशी वाकली, "आजोबांनी या सगळ्यांना सेव्ह केलं?"

"नाही गं," मी म्हटलं, "प्रत्येकाने आपापला जीव वाचवला. तो नुसता शेजारी उभा राहून बघायचा."

मग दारात आणखी तिघे आले. आम्ही सरकून त्यांना पलंगावर जागा केली.