रिकाम्या घरातला दिवा

गोपिकाबाईच्या दाराला कधी कुलूप दिसलं नाही. जालन्यात कुंडलिकेच्या काठी आमची पत्र्याची वस्ती होती, तिथलं शेवटचं घर तिचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दिवाळी सरली की भावकीसोबत मेंढरं घेऊन ती शहागडकडे गोदाकाठाला जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. तोवर घरात अंधार नको म्हणून शेजारची शालू रोज तिन्हीसांजेला तिथं दिवा लावायची. निघताना गोपिकाबाई आपला पितळी दिवा तिच्या हातात द्यायची.

वस्ती पाडून इमारती उभारायचं ठरलं आणि सर्वेवाले आले, तेही ऐन हिवाळ्यात. मेंढरांमागची बाई हिवाळ्यात घरी कशी सापडेल, एवढं डोकं त्यांना कुठलं. रिकाम्या घरांवर ते लाल फुली मारत सुटले होते; फुली पडली की नव्या इमारतीत घर नाही. शालू नेमकी दिवा लावत होती. घाबरून तिने सांगून टाकलं, "हितं माझा पोरगा देवानंद राह्यतो, बायकोसंगं." त्यांनी लिहून घेतलं. फुली टळली.

गोपिकाबाई परतली तेव्हा शालूने सगळं सांगितलं. "बरं केलंस माय. न्हाईतर घर गेल्तं," ती म्हणाली आणि दोघींनी चहा घेतला.

इमारती झाल्या, चाव्या वाटल्या तेव्हा गोपिकाबाईच्या घराच्या बदल्यात मिळालेलं तिसऱ्या मजल्यावरचं घर देवानंदच्या नावाने निघालं. शालूने पोराच्या पाया पडून पाहिलं. "कागद माझ्या नावचा हाय. मी मागायला गेल्तो का?" तो म्हणाला. आम्ही वस्तीतले सगळे ऑफिसात साक्ष द्यायला गेलो, तर साहेब म्हणाले, बाईचं सर्वेत नावच नाही. देवानंदची मला चीड येते. पण शालूचं एक खोटं ज्यांना खरं वाटलं आणि गोपिकाबाईचा इतक्या वर्षांचा संसार दिसला नाही, त्यांची जास्त येते.

गोपिकाबाई आता बायपासजवळ मेंढरांशेजारी ताडपत्रीखाली राहते. लाजेने शालूने तिच्याकडे जाणं सोडलं.

यंदा दिवाळी झाल्यावर गोपिकाबाईच जिने चढून शालूच्या दारात आली. आता ही शिव्या देणार, असं शालूला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पदराखालून पितळी दिवा काढला.

"निघून राह्यले," ती म्हणाली.

शालूने सवयीने हात पुढे केला. "कुठं लावू, आक्का?"

"तुझ्याच घरी लाव. माझं घर अंधारात राहील, ही काळजी आता न्हाई मला."

शालूने दिवा ठेवून घेतला. रोज तो घासते, पण अजून एकदाही पेटवलेला नाही.